रबर, कॉफी, चहा आणि आमचं सोयाबीन

परवा मधल्या सुट्टीत आमच्या शाळेच्या लिपिकभाऊंनी सगळ्यांच्या टेबलावर टॅक्सचा तक्ता आणून ठेवला. तो भरून दिल्याशिवाय फेब्रुवारीचा पगार निघत नाही, हे समस्त मास्तर लोकांना ठाऊक आहे. एरवी हा कागद आला की स्टाफरूममध्ये सुतकी शांतता पसरते. यंदा मात्र लग्नघरासारखं वातावरण! नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही, वर ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे आमच्यातल्या बहुतेकांना शून्य. "मग मॅडम, आता रिटर्न भरायची भानगड संपली म्हणायची!" गणिताचे सर म्हणाले. मी म्हटलं, सर, कर संपला, भानगड नाही. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं, कर शून्य असो की काही असो.

त्यांचा चेहरा बघून मला २०२५ ची १५ सप्टेंबरची रात्र आठवली. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी हे सांगते की मी हे घरी का करते. पूर्वी माझं रिटर्न मोंढ्याजवळचा, म्हणजे धान्यबाजाराजवळचा, एक टॅक्सवाला भरायचा. ५०० रुपये घ्यायचा आणि "मॅडम, रिफंड काढून देतो" म्हणायचा. रिफंड यायचाही. मला वाटायचं, काय हुशार माणूस! पुढे गृहकर्जासाठी बँकेनं जुनी रिटर्नं मागितली तेव्हा ती पहिल्यांदा उघडून वाचली. त्यात मी एका राजकीय पक्षाला ४० हजारांची देणगी दिलेली होती. त्या पक्षाचं नाव मी आजवर आमच्या सेलूतल्या एकाही भिंतीवर वाचलेलं नाही. मग अद्ययावत रिटर्न भरलं, सुटलेला कर भरला, व्याज भरलं आणि त्या दोन्हींवर २५ टक्के जादा भरले. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्यानं अशाच खोट्या वजावटींसाठी देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली, ती बातमी वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. तेव्हापासून ठरवलं, चुकलं तर आपल्या हातानं चुकू.

आता कोणी म्हणेल, मॅडम, पगारदार माणसाचं रिटर्न म्हणजे दहा मिनिटांचं काम. असतं ना! फॉर्म १६ मधले आकडे आधीच भरून येतात. २०२१ पासून एआयएस नावाचा वर्षभराच्या माहितीचा उतारा निघालाय, त्यात माझ्या बचत खात्याचं १,९१२ रुपये व्याजसुद्धा दिसतं. पूर्वी सही केलेला कागद साध्या पोस्टानं बंगळुरूला पाठवून पोचपावतीची वाट बघावी लागायची, ते गेलं. सुधारणा झाली, नाही कोण म्हणतंय. आयटीआर-१ ला सरकारनं नावच 'सहज' ठेवलंय.

पण सहजमध्ये शेतीचं उत्पन्न फक्त ५,००० रुपयांपर्यंत चालतं. वर्षाला, बरं का. मराठवाड्यात शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, एसटीचा कंडक्टर असा कोणीही नोकरदार धरा, निम्म्यांच्या नावावर गावाकडं चार-दोन एकर निघतंच. ते खरं दाखवायचं म्हटलं की सहज बाद, आयटीआर-२ भरा. हा फॉर्म शेअर विकणाऱ्यांचा, दोन-तीन घरं असणाऱ्यांचा, परदेशात खातं असणाऱ्यांचा. गेल्या वर्षी तर तो पोर्टलवर जुलै निम्मा उलटल्यावर आला.

आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, त्यांच्या हयातीतच वाटणी करून ४ एकर माझ्या नावावर केली. कसतात तेच. (माझ्या सातबाऱ्यावर, पॅनवर आणि आधारवर माहेरचंच नाव आहे. लग्नानंतर नाव बदललं नाही, त्याचं कारण लोक स्त्रीवाद समजतात. खरं कारण पॅनकार्ड.)

तर आयटीआर-२ मधला तो शेतीचा तक्ता. पहिलाच रकाना शेतीतून आलेल्या एकूण रकमेचा, आणि त्याच्याच पोटात कंस: नियम ७अ, ७ब आणि ८ मध्ये येणारं उत्पन्न सोडून. हे काय प्रकरण म्हणून शोधलं. ७अ म्हणजे रबर. ७ब म्हणजे कॉफी. ८ म्हणजे चहा. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात हे खरं, पण रबराचा मळा मी अजून जिंतूर रोडला पाहिला नाही. रबर, कॉफी आणि चहावाल्यांची इतकी काळजी घेणाऱ्या तक्त्यात सोयाबीन घरात पडून असेल तर काय करायचं, हे सांगणारा रकाना नाही.

आणि ते पडून होतंच. २०२४ च्या खरिपाला ४ एकरांत २८ क्विंटल निघालं. हमीभाव ४,८९२, मोंढ्यात मिळायचे चार हजारांच्या आसपास. दादांनी २० क्विंटल ४,१५० नं घातलं आणि ८ क्विंटल "भाव चढंल" म्हणून घरात थप्पी लावून ठेवलं. ते विकलं मे महिन्यात. म्हणजे पीक एका आर्थिक वर्षातलं, पैसा दुसऱ्या वर्षातला. आमच्याकडं सालगड्याचं साल पाडव्याला फिरतं, सरकारचं १ एप्रिलला, आणि सोयाबीनचं कधी फिरतं ते मोंढ्यालाच माहीत.

मग खर्च. फोनवर दादांना विचारलं, खर्च किती आला? तर म्हणाले, "कशाचा?" म्हटलं, सगळ्याचा. पलीकडं बराच वेळ शांतता. मग बियाणं, खत, दोन फवारण्या, काढणीचा गुत्ता, मळणी, हमाली-तोलाई असं एकेक निघायला लागलं. मी वहीत लिहीत गेले. पावत्या विचारल्या तर आडतीची पट्टी तेवढी सापडली, तीही कपाटात अंथरलेल्या कागदाखाली. कोळपणी सावडीनं झालेली, म्हणजे शेजाऱ्याची बैलं आपल्याकडं आणि आपली माणसं त्याच्याकडं. याची किंमत काय लावायची? दादा म्हणाले, "त्याची कसली किंमत, बाई? पुढच्या साली आपण जायाचं की." मी तिथं शून्य मांडलं. स्वतः दादांच्या वर्षभराच्या राबण्यापुढंही शून्यच मांडलं, हे नंतर लक्षात आलं.

सोयाबीनचे ८३,००० आणि ३ क्विंटल तुरीचे २१,९०० मिळून १,०४,९००. खर्च ६७,९००. निव्वळ ३७,०००.

आता गंमत बघा. शेतीवर आयकर नाही, हे लहान पोरालाही माहीत असतं. कायद्यातही तसंच आहे. पण ३७ हजार मी टाकले आणि माझा कर ५,७७२ रुपयांनी वाढला. मी टाइप करण्यात चुकले समजून तीनदा खोडून लिहिलं. मग कळलं की शेतीच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पण पगारावरचा कर ठरवताना ते धरलं जातं. शेतीचं उत्पन्न पगारात मिळवून कर काढायचा, मग करमुक्त मर्यादेत शेतीचं उत्पन्न मिळवून त्यावरचा कर काढायचा, आणि पहिल्यातून दुसरा वजा करायचा. जुन्या पद्धतीत माझा पगार २० टक्क्यांच्या पायरीवर, म्हणून ३७ हजारांवर एकीकडं २० टक्के चढले आणि दुसरीकडं ५ टक्केच उतरले. सेस धरून गणित बरोबर आहे. अन्यायकारक आहे असंही मी म्हणत नाही, पगारदार माणसानं शेतीच्या नावाखाली पैसा लपवू नये म्हणून ते केलेलं आहे. माझा राग वेगळाच आहे. हे सगळं दाखवणारी मी स्टाफरूममध्ये एकटी निघाले. बाकीचे शेतीच्या रकान्यात शून्य टाकून सहज भरून मोकळे झाले आणि मला म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं एवढं खरं बोलायला?"

आता १५ सप्टेंबर. मुदत आधी ३१ जुलैची, ती वाढून १५ सप्टेंबर झालेली. शाळेनं वर्षभर नवीन पद्धतीनं (तेव्हा १२ लाखांची सवलत अजून आली नव्हती) ४५,४४८ रुपये कापले होते, कारण मी जुन्या पद्धतीचा फॉर्म वेळेत दिला नव्हता (ही चूक माझी). गृहकर्जाचं व्याज, पीएफ, विमा धरता जुन्या पद्धतीत, शेतीसकट, ४०,५०८ होत होते. म्हणजे ४,९४० परत. पण जुनी पद्धत निवडायची तर रिटर्न मुदतीतच जायला हवं. उशीर झाला की नवीनच पद्धत, वर ५,००० दंड. त्यात त्या वर्षी जुन्या पद्धतीवाल्यांना जास्तीचे प्रश्न. कर्ज कोणत्या बँकेचं, खाते क्रमांक काय, मंजूर कधी झालं, ३१ मार्चला किती बाकी. बँकेचा दाखला मिळायलाच आठ दिवस गेले.

रात्री साडेनऊला बसले आणि पासवर्ड चुकला. वर्षातून एकदा लागणारा पासवर्ड कोणाच्या लक्षात राहतो हो? बदलायचा तर ओटीपी. प्रोफाइलवर मोबाइल नंबर त्या जुन्या टॅक्सवाल्याचा. (तुमच्याही प्रोफाइलवर कोणाचा नंबर आहे ते आज बघून घ्या. खरंच बघा.) राहिला आधारचा ओटीपी. आधार काढलं तेव्हा मी माहेरी होते, नंबर दिलेला दादांचा. आधार केंद्रावरच्या रांगेत उभं राहायला मला अजून मुहूर्त सापडलेला नाही.

दादांना फोन लावला. बाहेर पाऊस. गावात घरात रेंज येत नाही, माळवदावर चढावं लागतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस डोक्यावर खताचं पोतं घोंगता करून, पावसात, शिडीनं माळवदावर. मी इकडं बटण दाबलं. "आला का?" "थांब, चष्मा पुसतो." "आला का दादा?" "आलाय, पण हे कंपनीचं हाय, रिचार्ज संपलाय म्हणतंय." तेवढ्यात कट. परत लावला. दुसरा ओटीपी. "चार, सात, शून्य..." "दादा, पुढं?" "पाण्याचा थेंब पडलाय, पुसू दे." वेळ संपली. तिसऱ्या ओटीपीला आत शिरले. "आता उतरू का खाली?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि मग शिडी ओली असेल हे सुचून पाच मिनिटं जीव मुठीत धरून बसले.

आत शिरल्यावर पोर्टलचं चाक गरगर फिरायला लागलं. पान भरायचं, जतन करायचं, चाक. परत लॉगिन, चाक. त्या दिवसापर्यंत सात कोटींहून जास्त रिटर्नं गेली होती म्हणे, आणि त्यातली बरीच माझ्याच पुढं रांगेत उभी असावीत. शाळेच्या ग्रुपवर आधीच "मुदत ३० सप्टेंबर झाली" असा मेसेज फिरत होता, तो खोटा असल्याचं खात्यानं सांगितलेलं. बाराच्या सुमाराला खरंच मुदत वाढली. एक दिवस! आणि लगेच मध्यरात्री बारा ते अडीच पोर्टल दुरुस्तीसाठी बंद. मी लॅपटॉप मिटला आणि झोपले. पहाटे साडेचारला उठून भरलं. सव्वापाचला पोचपावती आली. सातला शाळेत, कारण दुसऱ्या दिवशी १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजारोहण, आणि संचलनाची तालीम माझ्याकडं.

रिफंड आला. ४,९४० पूर्ण, तेही बऱ्यापैकी लवकर. आभार.

पण मला एक कळत नाही. पगार किती, कापलं किती, व्याज किती, हे सगळं त्यांना माझ्या आधी माहीत असतं. तेच ते माझ्याकडून परत लिहून घेतात, आणि एखादा आकडा जुळला नाही तर नोटीस मला. त्यांना माहीत नसते ती एकच गोष्ट, माझी ४ एकर. ती विचारायला मात्र धड रकाना नाही. माहीत असलेलं एका पानावर दाखवा, मी "बरोबर" म्हणून अंगठा देते. शेतीचं साध्या मराठीत विचारा: काय पेरलं, किती निघालं, कधी विकलं, किती उरलं. कर कमी केलात, छान केलंत, पण विचारणंही जरा कमी करा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात 'आधीचं वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' हा घोळ जाऊन एकच करवर्ष आहे. चांगलं आहे. १९६१ पासून लोक त्या दोन वर्षांत गोंधळत होते.

त्या तक्त्यात आणखी एक ओळ आहे. मागच्या आठ वर्षांतला न भरून निघालेला शेतीचा तोटा. गेल्या वर्षी मी तिथं शून्य टाकलं, कारण आठ वर्षांचा हिशोब कोणाकडंच नव्हता. मग सप्टेंबरच्या शेवटी काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. दुधना नदीच्या पुराचं पाणी शेतात चार दिवस होतं. यंदा निव्वळ उत्पन्न ५ हजारांच्या आतच राहणार, म्हणजे मीही आता सहजला पात्र! पण सहजमध्ये तोटा लिहायला जागा नाही. तो लिहायचा तर परत आयटीआर-२.

म्हणून दिवाळीत माहेरी गेले तेव्हा दोनशे पानी वही घेऊन गेले. पहिल्या पानावर लिहिलं, खरीप २०२५, ४ एकर, सोयाबीन. दादा ओसरीवर बसून सांगत होते, मी लिहीत होते. बियाणं, खत, पहिली फवारणी, दुसरी फवारणी. पुढच्या ओळीला मी विचारलं, "काढणीचे किती?"

"काढलंच कुठं?" दादा म्हणाले. "रेघ मार तिथं."