खुलासा: पाऊस थांबला म्हणजे पूर टळला असं नाही

बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर मेसेज फिरतोय: "पाऊस थांबला, नदीकाठच्या गावांचा धोका टळला." हे साफ चूक आहे. बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री नदी पावागढाकडून येते. वरचं आणि आजवा तलावाचं पाणी शहरात उशिरा पोचतं, पुढे ती ज्या ढाढर नदीला मिळते तिच्या काठच्या गावांत त्याहून उशिरा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने शहरात २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फूटही पार केले होते.

तेव्हा आभाळ नको, पाणी बघा. देवळाच्या भिंतीवर रंगाने फुटांच्या खुणा करा, रात्री पाळीपाळीने टॉर्च मारून बघा, वरच्या गावाला फोन लावा. पाणी चढू लागलं की आधी गुरांची दावी सोडा. बांधलेलं जनावर हकनाक जातं. अंथरुणाला खिळलेली माणसं, बाळंतिणी कुठल्या घरात आहेत, आजच लिहून ठेवा. जिल्हा नियंत्रण कक्ष: १०७७. कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका.