नेट स्लो आहे? मग प्लॅन वाढवा म्हणे!

सात महिने! सात महिने माझे बाबा दर महिन्याला साडेतीनशे रुपये जास्त भरत होते आणि त्या पैशांचं त्यांना काहीही, अक्षरशः काहीही मिळत नव्हतं. गेल्या रविवारी डोंबिवलीला गेलो तेव्हा हे कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं असं, की आतल्या खोलीत नेट अडकतं. माझी लेक आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलायला लागली की पाच मिनिटांत आजीचं चित्र गोठतं. म्हणून बाबांनी कंपनीला फोन लावला. तिकडून प्रश्न एकच, "सर, प्लॅन कितीचा आहे?" 100 एमबीपीएसचा. "मग 300चा घ्या ना, स्पीड तिप्पट होईल." राउटर कुठे ठेवलाय, कुठला आहे, कुठल्या खोलीत अडकतं, एका शब्दाने विचारलं नाही. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाने भरवसा ठेवला. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला!

मी जाऊन बघतो तर राउटर टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, कप्प्याचं दार बंद, आणि धूळ बसू नये म्हणून आईने त्यावर क्रोशाचं कव्हर घातलेलं. तिथून आतल्या खोलीत जाणाऱ्या वाटेवर बरोबर मधे आरशाचं लोखंडी कपाट. अहो, या रेडिओ लहरी आहेत. लाकडातून जातात, विटेतून थोड्या दमून जातात, पण लोखंडाचा पत्रा समोर आला की आपटून माघारी फिरतात. आरशाच्या मागेही धातूचाच थर असतो. त्या कपाटाच्या पलीकडे पलंगावर बसून आई सात महिने "ऐकू येतंय का गं?" करत होती.

मग राउटर पालथा घातला. मागे, केबल खुपसायच्या जागी, बारीक अक्षरांत छापलंय 10/100. म्हणजे भिंतीवरच्या फायबरच्या डब्यात 300 येवोत नाहीतर 1000, या राउटरच्या पोर्टातून 100च्या वर आत शिरणारच नाही. कधीच नाही. लॅपटॉप केबलने जोडून मोजलं, 94 आले. 100च्या पोर्टवर आकडा असाच येतो, थोडा भाग डेटाच्या वेष्टनातच जातो. आणि तोच लॅपटॉप उचलून आईच्या पलंगावर ठेवून वायफायवर मोजलं तर 6. सहा! पैसे 300चे, पदरात 6.

हे डबे कंपनीनेच बसवलेत. कुठला राउटर कुणाच्या घरी दिलाय हे त्यांच्या कागदावर आहे. तरीही 300चा प्लॅन गळ्यात मारला. फोनवरच्या पोरीला मी दोष देत नाही, तिला विकायलाच बसवलंय. पण तिला तसं बसवणाऱ्यांना सगळं माहीत असतं. ज्याला हे कळत नाही त्याच्याकडूनच हा पैसा येतो.

आणि कळत का नाही, तर आपण सगळ्यांनी वायफाय आणि इंटरनेट एकच करून टाकलंय म्हणून. घरापर्यंत फायबरची तार येते ते इंटरनेट. राउटरपासून फोनपर्यंतचे शेवटचे वीस-पंचवीस फूट म्हणजे वायफाय. फोनवर वायफायच्या काड्या फुल दिसतात त्या फक्त या वीस फुटांच्या. बाहेर रस्ता खणताना जेसीबीने फायबर तोडली तरी काड्या फुलच राहणार! "काड्या फुल आहेत, म्हणजे नेट आहे" हे वाक्य मी गेल्या महिन्याभरात चार जणांच्या तोंडून ऐकलंय, त्यातला एक इंजिनिअर.

तसंच ते एमबीपीएसचं. त्यातला बी बिटचा, बाइटचा नव्हे. आठ बिट मिळून एक बाइट, म्हणून आठाने भागा. 100चा प्लॅन म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. हे जाहिरातीत कधी ठळक लिहिलेलं पाहिलंय का कुणी?

बिल्डिंगमध्ये तर आणखी कहर. बाबांचा राउटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या एकाच पट्ट्यावर चालतो. तिथे बसल्या जागी लॅपटॉपवर मोजली तर 27 नेटवर्कं दिसली. या पट्ट्यात आपल्याकडे 13 चॅनल, म्हणजे बोलायच्या 13 वाटा आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना न शिवणारे तीनच धरायचे, 1, 6 आणि 11. वरच्या मजल्यावरच्या एकाने हुशारी करून 3 ठेवलाय, "तो रिकामा होता" म्हणून. रिकामा नव्हता हो! आता तो 1 वाल्यांनाही त्रास देतो, 6 वाल्यांनाही, आणि स्वतःचंही नेट बिघडवून बसलाय. एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येतं, बाकीच्यांनी थांबायचं. 27 घरं या मोजक्या चॅनलांवर रांगेत उभी आहेत, आणि कंपनी म्हणते प्लॅन वाढवा.

शेजारचे काका छातीठोकपणे सांगतात, "आमचं वायफाय फाइव्ह-जी आहे, सिमसारखं." नाही काका! राउटरवरचं 5जी म्हणजे 5 गिगाहर्ट्झ, सिममधलं 5जी म्हणजे मोबाइलची पाचवी पिढी. दोघांचा काडीचा संबंध नाही. 5 गिगाहर्ट्झला वेग जास्त, गर्दी कमी, पण भिंत आली की ते 2.4च्या आधी दमतं. म्हणूनच त्यांच्या स्वयंपाकघरात रेंज येत नाही, आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनाही प्लॅनच वाढवून दिलाय.

खालच्या काकूंनी आईला घाबरवून ठेवलंय की रात्री राउटर बंद कर, किरणं डोक्यात जातात. या लहरींत अणूतले इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ताकद नसते, क्ष-किरणांशी त्यांची तुलनाच नाही. राउटरची शक्ती साधारण वॉटच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि अंतर दुप्पट केलं की आपल्यापर्यंत पोचणारी तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. काकू स्वतः मात्र मोबाइल उशीखाली घेऊन झोपतात. आईची त्यापायी दोन महिने झोप उडाली होती, याचा मला जास्त राग आहे.

मी केलं काय? दहा मीटर केबल आणली, भिंतीला क्लिपा ठोकल्या आणि राउटर पॅसेजमध्ये दाराच्या वर, उघड्यावर टांगला. चॅनल 11 केला, तिथे गर्दी सगळ्यात कमी होती. आईच्या पलंगावर 6चे 31 झाले. त्याच संध्याकाळी तिने नातीशी पाऊण तास गप्पा मारल्या, एकदाही अडकलं नाही. 31 तर 100च्या प्लॅनमध्येही आरामात बसतात!

आता प्लॅन परत 100वर आणायचाय. वाढवायला दोन मिनिटं लागली होती. कमी करायला बाबांनी तीनदा फोन केला. एकदा "सिस्टीम डाउन आहे", एकदा "पुढच्या बिलापासून होईल", आणि तिसऱ्यांदा त्यांना 500चा प्लॅन सांगितला. येत्या शनिवारी मी रजा टाकून त्यांच्या ऑफिसात जाणार आहे, राउटर पिशवीत घालून. त्यांच्या टेबलावर तो पालथा ठेवणार आणि मागची 10/100 ही अक्षरं त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेणार. सात महिन्यांचे दोन हजार चारशे पन्नास रुपये परत मागणार आहे.