‘फ्लो कंट्रोल ऑन करा, ड्रॉप थांबतील’ हे अर्धसत्य आहे

डेटा सेंटरच्या स्विचवर पॅकेट ड्रॉप दिसले की एक सल्ला हमखास फिरतो: ‘सगळ्या पोर्टांवर फ्लो कंट्रोल ऑन करा, नेटवर्क लॉसलेस होईल.’ फ्लो कंट्रोल म्हणजे बफर (पॅकेटं तात्पुरती ठेवायची मेमरी) भरत आला की समोरच्याला ‘थांब’ सांगणं, आणि लॉसलेस म्हणजे एकही पॅकेट टाकून न देणारं. लोक तो वाचून थेट प्रॉडक्शनमध्ये कमांड मारतात, म्हणून एकेक दावा तपासू.

पहिला दावा, याने गर्दी जाते. गर्दी जात नाही, मागे सरकते. १९९७ च्या ८०२.३एक्स या इथरनेट मानकातली पॉज फ्रेम, म्हणजे ‘थांब’ हा निरोप, लिंकवरचं सगळं ट्रॅफिक अडवते, मग ते बॅकअपचं असो की क्लस्टरच्या हार्टबीटचं (मशीन चालू असल्याच्या खुणेचं). एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त ६५,५३५ क्वांटा मागता येतात आणि एक क्वांटा म्हणजे ५१२ बिटांचा वेळ. १० जीबीपीएसवर हे साधारण ३.३६ मिलिसेकंद. आता एका सर्व्हरचं नेटवर्क कार्ड बिघडलं आणि पॉजमागून पॉज पाठवत राहिलं असं धरा. लीफचा (सर्व्हर ज्याला जोडलेत त्या स्विचचा) बफर भरतो, लीफ स्पाइनला (लीफना एकमेकांशी जोडणाऱ्या स्विचला) थांबवतो, स्पाइन बाकीच्या लीफना. त्या मशीनशी काडीचाही संबंध नसलेले सर्व्हर खोळंबतात. ड्रॉपचा काउंटर मात्र शून्य! ग्राफ हिरवागार आणि ॲप्लिकेशन टाइमआउट, यात माणसं तासन्‌तास भलतीकडेच शोधत बसतात. ड्रॉपच्या शेजारी पॉजचे आरएक्स-टीएक्स (आलेल्या-पाठवलेल्या) काउंटर बघायची सवय लावा.

दुसरा दावा, ‘मग पीएफसी आठही प्रायॉरिटींना लावा.’ पीएफसी म्हणजे प्रायॉरिटीनुसार (ट्रॅफिकच्या आठ वर्गांनुसार) चालणारं फ्लो कंट्रोल. २०११ च्या ८०२.१क्यूबीबी या त्याच्या मानकाने प्रत्येक प्रायॉरिटी वेगळी थांबवता येते, ही मोठी सोय आहे. पण थांबा म्हटल्यावरही वायरीत असलेला डेटा येतच राहतो आणि त्यासाठी हेडरूम (बफरमधली मोकळी जागा) राखून ठेवावा लागतो. ३०० मीटर फायबरचा जाण्यायेण्याचा वेळ ३ मायक्रोसेकंद. १०० जीबीपीएसवर तेवढ्यात ३७.५ केबी येतात. आठ प्रायॉरिटी आणि ३२ पोर्टांचे झाले ९.६ एमबी, तेही अर्धवट बाहेर पडलेली पॅकेटं न धरता. एकूण १६ एमबी बफरच्या चिपवर मग उरलं काय? बफर असा बांधून ठेवलात की बाकीचं ट्रॅफिक जास्तच ड्रॉप होणार. आरडीएमएसाठी (एका मशीनने दुसऱ्याची मेमरी नेटवर्कवरून थेट वाचण्या-लिहिण्यासाठी) एक प्रायॉरिटी लॉसलेस ठेवा, सहसा तेवढं पुरतं.

ड्रॉप म्हणजे दोषच, हेही खरं नाही. टीसीपी सहसा ड्रॉप बघूनच वेग आवरतं.

सर्वांत घातक दावा शेवटचा: ‘पीएफसी असल्यावर ईसीएन कशाला?’ ईसीएन म्हणजे गर्दी झाली की पॅकेट ड्रॉप न करता त्यावर खूण करणं. पीएफसी फक्त शेजारच्या पोर्टला अडवतं, पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. ईसीएनची खूण घेऊन पॅकेट दुसऱ्या टोकाला पोचतं, तिथून निरोप उलटा येतो आणि आरओसीई (इथरनेटवरचं आरडीएमए) मध्ये पाठवणारं कार्डच वेग कमी करतं. म्हणून ईसीएनचा थ्रेशोल्ड असा ठेवा की पीएफसीची एक्सऑफ पातळी (बफर जिथवर भरला की पॉज सुटतो ती) गाठण्याआधी खुणा पडू लागतील. क्रम उलटा झाला तर पॉज आधी सुटतात आणि ईसीएन कॉन्फिगमध्ये नुसतं लिहिलेलं राहतं. आणि स्विचवरची डीएससीपी (पॅकेटच्या हेडरमधला वर्गाचा आकडा) ते प्रायॉरिटी मॅपिंग सर्व्हरच्या कार्डावर तशीच आहे ना, हे दोन्हीकडे लॉगइन करून बघा. ती जुळत नसेल तर ट्रॅफिक भलत्याच क्यूमध्ये जातं आणि तुमचा लॉसलेस क्लास रिकामा पडून राहतो.