4 जुलैच्या फेरीबद्दल: दोन ताऱ्यांना मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय मी दोनदा वाचला, एकदा रागात आणि एकदा चहा घेतल्यावर. हे उत्तर दुसऱ्या वाचनानंतरचं आहे.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई 4 जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, घरच्यांना घेऊन फिलाडेल्फियातल्या आमच्या मराठी पायी फेरीला आल्या होत्या. त्यांनी लिहिलंय: "लिबर्टी बेलच्या रांगेत तासभर उन्हात उभं केलं, सासूबाईंना बसायला जागा नाही, शेवटी घंटा बाहेरून काचेतूनच दाखवली. वेळ काढायला गाइड दिनविशेष वाचत सुटला. आज अमका गेला, आज तमका गेला. जेफरसनने हातमोजे घेतले हे ऐकून आम्ही काय करायचं? वर म्हणे सह्या आज झाल्याच नाहीत. सणाच्या दिवशी हे ऐकायला माणशी चाळीस डॉलर?"

आधी रांगेचं. ती चूक माझी, गाइडची नाही. 4 जुलैला त्या चौकात अख्खं गाव लोटतं हे माहीत असून मी नेहमीचंच वेळापत्रक त्याच्या हातात दिलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात हे तुम्ही बुकिंग करताना लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि विसरलो. घडीची दोन स्टुलं माझ्या गाडीत, तीन गल्ल्या पलीकडे, पडून होती. यावर सारवासारव करण्यासारखं काही नाही. माफ करा.

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरच्या सह्यांच्या बाबतीत मात्र मी गाइडच्या पाठीशी उभा आहे. ब्रिटनपासून स्वातंत्र्याचा ठराव काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, मंजूर केला 2 जुलै 1776 ला. बारा वसाहती बाजूने, न्यूयॉर्कने मत दिलं नाही. त्याच सभेतल्या आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सने 3 तारखेला बायकोला लिहिलं की पुढच्या पिढ्या 2 जुलैचा दिवस घंटा, तोफा आणि रोषणाईने साजरा करतील. सगळं बरोबर सांगितलं, तारीख तेवढी चुकली! 4 तारखेला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. त्याच रात्री जॉन डनलॅपच्या छापखान्यात तो छापला गेला, माथ्यावर "4 जुलै" घालून, आणि तीच तारीख देशभर पोहोचली. न्यूयॉर्कचा होकार आला 9 जुलैला, चर्मपत्रावर सुवाच्य प्रत करायचं ठरलं 19 ला, आणि बहुतेक सह्या पडल्या 2 ऑगस्टला. तुमच्या चिरंजीवांनी दोन डॉलरच्या नोटेमागचं चित्र दाखवून "मग हे काय?" असं विचारलं होतं. प्रश्न फक्कड होता. त्या चित्रात सह्या चाललेल्या नाहीत, पाच जणांची समिती मसुदा टेबलावर ठेवते आहे. तो प्रसंग 28 जूनचा.

सणाच्या दिवशी हे सांगू नये, असं तुमचं म्हणणं. पण दुसऱ्या कुठल्या दिवशी सांगायचं?

हातमोज्यांचं तर मीच गाइडला बजावून ठेवलंय, कारण मला स्वतःला ती गोष्ट फार आवडते. सेव्हन्थ आणि मार्केटच्या कोपऱ्यावरच्या विटांच्या घरासमोर आपण थांबलो होतो. मूळ घर पाडलं गेलं, आताचं 1975 साली पुन्हा उभारलेलं. तिथे थॉमस जेफरसन, हाही पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होता आणि तिथेच त्याने जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला. त्याची हिशेबाची वही शिल्लक आहे. 4 जुलै 1776 च्या पानावर काय आहे? थर्मामीटर, 3 पौंड 15 शिलिंग. बायकांच्या हातमोज्यांचे सात जोड, 27 शिलिंग. त्या दिवशीचं तापमानही त्याने टिपून ठेवलंय: दुपारी एकला 76 फॅरनहाइट, म्हणजे आपले 24 अंश. साम्राज्याशी नातं तोडायच्या दिवशी हा माणूस बाजारहाट करतो आणि हवा मोजतो. त्याच खोल्यांत त्याच्या दिमतीला रॉबर्ट हेमिंग्ज हा 14 वर्षांचा गुलाम मुलगा होता, हेही आम्ही सांगतो. ते ऐकून तुमच्या गटातल्या एक काकू गप्प झाल्या, असं गाइड म्हणाला.

"दिनविशेष" हा शब्द मात्र मला लागला, कारण तो खरा आहे. रांग हलेना तसा पोरगा घाबरला आणि 4 जुलैला जे जे घडलं ते आगगाडीच्या डब्यांसारखं जोडत गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येतं तसं. त्याने जे गाळलं ते मी इथे सांगतो: या तारखेच्या गोष्टींत काही योगायोग आहेत आणि काही मुहूर्त. ते वेगळे केले की यादीत जीव येतो.

1826 चा तो नुसता योगायोग. जाहीरनाम्याला बरोबर 50 वर्षं झाली त्याच दिवशी दुपारी एकच्या सुमाराला जेफरसन माँटिसेलोतल्या आपल्या घरी वारला, वय 83. संध्याकाळी क्विन्सीत अ‍ॅडम्स गेला, वय 90. दोघांत आधी राजकारणावरून उभा दावा, मग 1812 पासून पत्रांवर पत्रं. जेफरसन गेल्याची बातमी अ‍ॅडम्सपर्यंत पोहोचणं शक्यच नव्हतं. "जेफरसन अजून आहे" असं काहीसं तो शेवटी पुटपुटला म्हणतात. पाच वर्षांनी, 1831 ला, माजी राष्ट्राध्यक्ष मन्रोही याच तारखेला गेला. माजी राष्ट्राध्यक्ष मॅडिसनला डॉक्टर औषधं देऊन 4 जुलैपर्यंत ताणायला तयार होते, त्याने नको म्हटलं आणि 28 जून 1836 ला गेला, अशी गोष्ट सांगतात. खरी असेल तर हा एकच गडी मुहूर्ताला बधला नाही. तुम्हाला या मयताच्या गोष्टी वाटल्या. आपण पुण्यतिथ्या एवढ्या हौसेने पाळतो, म्हणून मला वाटलं होतं चालतील. असो.

बाकीचे बरेच ठरवून साधलेले मुहूर्त. ईरी कालव्याची पहिली कुदळ 4 जुलै 1817 ला पडली. बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचा पहिला दगड 4 जुलै 1828 ला, आणि तो बसवायला बोलावलं कोणाला, तर जाहीरनाम्यावर सही केलेल्यांपैकी हयात असलेला शेवटचा माणूस, 90 वर्षांचा चार्ल्स कॅरल. न्यूयॉर्क राज्याने गुलामगिरी संपवायची तारीख दहा वर्षं आधी कायद्यातच लिहून ठेवली होती: 4 जुलै 1827. तरी न्यूयॉर्क शहरातल्या काळ्या लोकांची मोठी मिरवणूक निघाली ती 5 तारखेला. 4 ला गोऱ्यांच्या गर्दीत जाणं धोक्याचं होतं.

सगळ्यात नामी मुहूर्त जनरल पेम्बर्टनचा. हा मूळचा आमच्या फिलाडेल्फियाचा, बायको व्हर्जिनियाची, आणि यादवी युद्धात लढला दक्षिणेकडून. 1863 मध्ये मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्ग शहरात तो फौजेसह असताना उत्तरेच्या जनरल ग्रँटने 47 दिवस वेढा घातला. शरणागती अटळ दिसल्यावर पेम्बर्टनने 4 जुलै गाठला. उत्तरेकडच्यांना या दिवसाचं फार कौतुक, तेव्हा अटी सैल मिळतील, असा त्याचा हिशेब होता आणि त्याने तो स्वतःच नंतर लिहून ठेवला. सुमारे 29,500 सैनिक कैदेत न जाता, पुन्हा लढणार नाही अशा हमीवर सुटले. माझ्या मते तारखेपेक्षा इतके कैदी हलवायला ग्रँटकडे पुरेशा बोटी नव्हत्या, ही अडचण जास्त उपयोगी पडली असावी. त्याच दिवशी तिकडे गेटिसबर्गहून दक्षिणेचा सेनापती ली माघारी निघाला, उत्तरेच्या जनरल मीडकडून हरून. आणि आता हे दोघे, मीड आणि पेम्बर्टन, आमच्या एकाच लॉरेल हिल स्मशानभूमीत आहेत.

इथे गाइडची एक चूक कबूल करतो. व्हिक्सबर्गने त्यानंतर 81 वर्षं 4 जुलै साजराच केला नाही, असं तो म्हणाला. हे सर्रास सांगितलं जातं, पण पूर्ण खरं नाही. हिरमोड झाला होता तो गोऱ्यांचा, तिथले काळे रहिवासी युद्धानंतर हा दिवस साजरा करत होते. त्याला सांगितलंय, पुढे असं बोलणार नाही.

तुमच्या गटातल्या एका आजोबांनी रांगेतच सांगितलं की स्वामी विवेकानंदही 4 जुलैलाच गेले, 1902 साली, आणि त्याआधी 1898 मध्ये काश्मीरला असताना त्यांनी या दिवसावर कविताही लिहिली होती. गाइडला हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आजोबा तुमच्या ओळखीचे असतील तर आमचा नमस्कार सांगा.

चौघांचे निम्मे पैसे आज परत पाठवले आहेत, दोनतीन दिवसांत खात्यात दिसतील. सगळे देत नाही, कारण दोन तासांपैकी एक तास तुम्हाला आवडला असं तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहिलंय. पुढच्या वर्षीपासून 4 जुलैला आम्ही घंटेच्या रांगेत उभे राहणार नाही. ती फेरी सकाळी लवकर आणि बाहेरूनच होईल, तसं बुकिंगच्या पानावर स्पष्ट लिहू आणि दरही कमी ठेवू. स्टुलं आता गाइडच्या पाठीवर असतात.

आणि हो, सासूबाईंची जांभळी घडीची छत्री गाइडच्या पिशवीत राहिली आहे. पत्ता इथे टाकू नका, फोनवर कळवा, पाठवून देतो.