दहा मिनिटांत कुरकुरीत चणे? व्हायरल कृतीचा एकेक दावा तपासून

‘काबुली चणे रात्रभर भिजवा, तेल आणि कांदा-लसूण मसाला चोळा, एअर फ्रायरला दहा मिनिटं लावा. महिनाभर कुरकुरीत राहतात. प्रोटीन अंड्यापेक्षा जास्त, कितीही खा, वजन वाढत नाही. बाजारचे फुटाणे टाळा, ते वाळूत भाजतात. राजमा, चवळी, कुठलंही कडधान्य असंच करा.’ कोल्हापुरात सोसायट्यांच्या आणि महिला मंडळांच्या ग्रुपवर या आशयाचा मेसेज सारखा फिरतोय. त्याबरहुकूम केलेले चणे एकतर दात दुखवतात, नाहीतर चामट होतात. शिवाय त्याच्या शेवटच्या ओळीने माणूस आजारी पडू शकतो, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात.

‘राजमाही असाच भाजा’

अजिबात नको. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे पोट बिघडवणारं एक प्रोटीन, भरपूर असतं. ते नष्ट व्हायला राजमा खळखळत्या पाण्यात उकळावा लागतो. नुसता भिजवून कोरड्या उष्णतेत ठेवला, तर बाहेरून लाल झाला तरी आतून कच्चा राहू शकतो. असे मोजके दाणेही काही तासांत उलट्या-जुलाब सुरू करतात. राजमा किमान ५ तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायचा किंवा कुकरला पूर्ण शिजवायचा. खरं तर कुरकुरीत खाऊसाठी राजमा घेऊच नये. शिजल्यावर तो फुटतो आणि भाजल्यावर पिठूळ लागतो. चवळी, मटकीचे दाणे बारीक, ते बघता बघता खडे होतात. हरभरा, काबुली चणे आणि पांढरे वाटाणे यांनाच हे भाजणं मानवतं.

‘भिजवले की थेट भाजा’

भिजवल्याने दाणा पाणी पितो, शिजत नाही. तसाच भाजला तर पाणी निघून जातं, पण आतला स्टार्च फुललेला नसतो, म्हणून दाणा टणक होतो. एक वाटी, म्हणजे साधारण २०० ग्रॅम काबुली चणे ८ ते १० तास भिजवा. पाणी फेकून द्या, पोटात वायू धरणाऱ्या शर्करा थोड्या तरी त्यातून जातात. नवं पाणी आणि अर्धा चमचा मीठ घालून कुकरला दोन शिट्ट्या काढा, मग गॅस बारीक करून ७-८ मिनिटं ठेवा. दाणा दोन बोटांत दाबला की चेपायला हवा, पण अख्खा राहायला हवा. जुना हरभरा असेल तर एखादी शिट्टी वाढवा. सोडा घालू नका. साली सुटतात, दाणे फुटतात आणि मागाहून साबणासारखी चव येते.

‘दहा मिनिटं पुरेत’

सगळ्यात जास्त चणे इथेच बिघडतात. कुरकुरीतपणा तेलाने येत नाही, मसाल्याने तर नाहीच. दाण्यातलं पाणी बाहेर पडलं तरच तो येतो. २०० ग्रॅम कोरडे चणे भिजून-शिजून ४०० ग्रॅमच्या वर जातात, आणि हे वाढलेलं सगळं पाणी परत काढायचं असतं. त्यामुळे चणे चाळणीत निथळा, सुती पंचावर पसरा आणि पंख्याखाली तासभर ठेवा. साल हाताला कोरडी लागली की दोन चमचे तेल चोळा.

ओव्हन २०० अंशांवर तापवून, ट्रेमध्ये एकच थर देऊन ३५ ते ४० मिनिटं भाजा. दर दहा मिनिटांनी ट्रे हलवा. शेवटी ओव्हन बंद करून दार किलकिलं ठेवा आणि २० मिनिटं चणे आतच राहू द्या. एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर १८ ते २२ मिनिटं लागतात, तीही टोपली अर्धीच भरली तर. भरगच्च टोपलीत चणे स्वतःच्याच वाफेत बसतात.

झाले की नाही, याचा पक्का निकष म्हणजे वजनकाटा. भाजून झालेले चणे पुन्हा २०० ग्रॅमच्या आसपास यायला हवेत. २४० भरले तर आत पाणी आहे. आता कितीही कुरकुरीत वाटले तरी संध्याकाळपर्यंत ते मऊ पडणार. मग १५० अंशांवर आणखी दहा-बारा मिनिटं द्या. रंग बघून फसू नका, साल आधी लाल होते आणि गर मागे राहतो.

‘मसाला आधी चोळा’

कांदा-लसूण मसाल्यात तळलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ असतात. २०० अंशांवर हे सगळं चण्याच्या कितीतरी आधी करपतं, आणि तो कडवटपणा मग मिठाने झाकत नाही. मसाला शेवटीच घाला. छोट्या कढईत एक चमचा तेल गरम करून गॅस बंद करा, त्यात एक चमचा कांदा-लसूण मसाला टाका, अर्ध्या मिनिटात गरम चणे घालून हलवा. मीठ चाखूनच घाला, मसाल्यात ते असतंच. आमचूर हवी असेल तर चणे कोमट झाल्यावर भुरभुरा. ओला वाटलेला लसूण किंवा लिंबाचा रस घातला, तर एवढा वेळ काढलेलं पाणी आपणच परत दिल्यासारखं होतं.

‘बाजारचे फुटाणे टाळा’

हा दावा आम्हाला सगळ्यात जास्त खटकतो. भट्टीवर हरभरा आधी हलका गरम करतात, त्यावर मीठ-हळदीचं पाणी शिंपडतात, झाकून मुरू देतात. मग तापलेल्या वाळूत मूठ-मूठ टाकून मिनिटा-दोन मिनिटांत चाळून काढतात. आतल्या थोड्याशा पाण्याची झटक्यात वाफ होते, दाणा फुगतो, साल तडकते. म्हणूनच न शिजवताही फुटाणा खुसखुशीत होतो, आणि घरच्या ओव्हनला ते जमत नाही. वाळू चाळणीखाली राहते. तेलाचा थेंब लागत नाही, प्रोटीनही जळून जात नाही. भडंगात घालतो ते डाळं म्हणजे हेच, साल काढलेलं.

जपायचं ते रंगाला. पिवळे जर्द, हाताला रंग लागणारे फुटाणे घेऊ नका. मेटॅनिल यलोसारख्या रंगांना खाद्यपदार्थांत परवानगी नाही, तरी भेसळीत ते सापडतात. मळकट, सालीवर काळपट डाग असलेले साधे फुटाणे लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांत मिळतात, ते चांगले.

आणि कोल्हापुरी चव हवी तर फुटाण्यांवरच काम करा. दोन चमचे तेलात ८-१० ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि कढीपत्ता मंद आचेवर कडक होईपर्यंत तळा. लसूण मऊ राहिला तर त्याची ओल फुटाण्यांत उतरते. गॅस बंद करून एक चमचा मसाला, त्यावर दोन वाट्या फुटाणे. पाच-सात मिनिटांचं काम.

‘अंड्यापेक्षा जास्त प्रोटीन, कितीही खा’

१०० ग्रॅमची तुलना केली तर चण्यात २० ग्रॅमच्या आसपास, अंड्यात १३. पण १०० ग्रॅम फुटाणे म्हणजे साडेतीनशेच्या वर कॅलरी. एका वेळची मूठ ३० ग्रॅमची धरली, तर ६ ग्रॅम प्रोटीन मिळतं, म्हणजे एका अंड्याएवढं, आणि कॅलरी ११० च्या पुढे. वर तेलाचा प्रत्येक मोठा चमचा सव्वाशे कॅलरींचा. प्रोटीन अमिनो आम्लांचं बनतं, त्यातलं मेथिओनिन चण्यात कमी असतं. शाळूच्या भाकरीत लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते चण्यात भरपूर. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून निघते. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे चणे-फुटाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. त्यांना डाळ्याचं पीठ गूळ-तुपात कालवून द्या.

‘महिनाभर टिकतात’

शिजवून भाजलेले चणे कोरड्या हवेत तीन-चार दिवस बरे राहतात. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या पावसात ताटात उघडे ठेवले तर तासा-दोन तासांत नरम पडतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, झाकणाला धरलेलं पाणी परत त्यांच्यावरच पडतं. नुसते नरम पडले तर १५० अंशांवर आठ-दहा मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतात. पण बंद डब्यात आतून ओले राहिलेले चणे चिकट लागले किंवा आंबूस वास आला, तर ते भाजून वाचवू नका, टाकून द्या. आठवडाभर पुरवायचे असतील तर मसाला न लावता साधे भाजून ठेवा आणि लागतील तेवढ्यांनाच रोज फोडणी द्या.