‘६० चा टीव्ही १२० सांगून गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

सर, नमस्कार. तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल माफी मागतो. टीव्ही बसवायला आलेल्या आमच्या पोरानं सेट-टॉप बॉक्सची वायर टीव्हीमागच्या चांगल्या पोर्टात (वायर खुपसायच्या सॉकेटात) लावली आणि तुमचा पीएस फाइव्ह, म्हणजे गेमचा कन्सोल, साध्या पोर्टात. चूक आमची, कबूल.

पण तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, “६० हर्ट्झचा टीव्ही १२० सांगून गळ्यात मारला, गेम अडकतो, दहा दिवस कुणी फिरकलं नाही, दुकानदाराला गेमिंगमधलं काही कळत नाही.” (हर्ट्झ म्हणजे टीव्ही सेकंदाला किती चित्रं दाखवतो तो आकडा.) हे वाचलं दसऱ्याला सकाळी, दुकानात वह्यांची पूजा मांडलेली असताना. हातातली फुलं तशीच राहिली.

गळ्यात मारला? सर, जरा आठवून बघा. १४ सप्टेंबर, रविवार. रात्री साडेआठला शटर अर्धं खाली घेतलं होतं, तेव्हा तुम्ही आणि चिरंजीव आलात. शटर परत वर केलं. चहा सांगितला. तुम्ही पैसे खिशात घेऊनच आला होतात, ५५ इंची आजच द्या म्हणालात. मी काय म्हणालो? आठ दिवस दम धरा. २२ तारखेपासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर येतोय. मूळ किंमत ५० हजार, त्यावर तेव्हा ६४ हजार पडत होते, तोच तुम्हाला घटस्थापनेला ५९ हजारांत दिला. बिल तुमच्याकडं आहे. त्या आठवड्यात आमच्या काउंटरवर माशी उडत नव्हती, सगळी गिऱ्हाइकं भाव उतरायची वाट बघत घरी बसलेली. गळ्यात मारणारा माणूस हातात आलेले ६४ हजार परत पाठवतो का हो?

आता ६० आणि १२० चं. चिरंजीवांनी आधी बोट दाखवलं होतं ते दुसऱ्याच टीव्हीकडं, खोक्यावर भलं मोठं १२० छापलेलं, आणि तो स्वस्तही होता. मीच नको म्हणालो. त्याचं पॅनल, म्हणजे मूळ पडदा, ६० चंच आहे. दोन चित्रांच्या मधे टीव्ही आपल्या मनानं एक चित्र तयार करून घालतो, म्हणून मॅच बघताना बॉल गुळगुळीत पळतो. गेमला ते उलटं पडतं. चित्र तयार करायला टीव्हीला वेळ लागतो, आणि तो वेळ तुमच्या बटणातून जातो. आत्ता दाबलं, गडी मागाहून उडी मारतो. म्हणून तुम्हाला खऱ्या १२० च्या पॅनलचा दिला आणि गेम मोड (असली मधली कामं बंद ठेवणारं टीव्हीतलं सेटिंग) चालू ठेवा म्हणून सांगितलं. सांगितलं होतं ना?

त्या टीव्हीला मागं चार एचडीएमआय, म्हणजे चित्र-आवाजाच्या वायरीची सॉकेटं, आहेत. चारातल्या दोनच सॉकेटांत फोर-के १२० (बारीक, स्पष्ट चित्र, तेही सेकंदाला १२०) चालतं, आणि त्या दोनातलं एक साउंडबारचं. म्हणजे गेमला उरलं एक. सॉकेटशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बॅटरी मारल्याशिवाय दिसत नाही. आमच्या पोरानं बॅटरी मारली नाही. शिवाय टीव्हीच्या सेटिंगमधे त्या सॉकेटचा सिग्नल वाढवून ठेवावा लागतो, तेही राहिलं. (मलाही हे दोन वर्षांमागं भाच्यानं शिकवलं. मी स्वतः गेम खेळत नाही, तुमचं ते वाक्य तेवढं खरं आहे.)

दहा दिवस मात्र नाही. तुमचा फोन आला गुरुवारी, २५ ला. माणूस आला मंगळवारी, ३० ला. पाच दिवस झाले, तेही व्हायला नको होते. पण त्या आठवड्यात पाऊस कसा होता ते तुम्ही औशात राहून मला विचारू नका. आमचा पोरगा मांजरा नदीकाठचा. घरात गुडघाभर पाणी, सोयाबीन सगळं पाण्याखाली. त्याला मी कोणत्या तोंडानं म्हणू की चल, औशाला एकाचा गेम अडकतोय? मंगळवारी आमचं दुकान बंद असतं, तरी तो चिखलानं भरलेल्या गाडीवर तुमच्याकडं आला.

आणि आला तेव्हा काय झालं, ते रिव्ह्यूत का नाही लिहिलं, सर? त्यानं पोर्ट बदललं, राहिलेलं सेटिंग केलं, कन्सोलच्या खोक्यात आलेली वायर लावली, आणि पीएस फाइव्हच्या व्हिडिओ आउटपुटच्या माहितीत १२० हर्ट्झ आलं. चिरंजीव म्हणाले, “काका, झालं.” मग तुम्हीच म्हणालात, ही वायर बाहेर लोंबते, टीव्हीच्या फर्निचरची शोभा जाते. आणि भिंतीच्या आतून नेलेली जुनी पाच मीटरची वायर परत लावायला लावलीत. सुतारानं ती आधीच आत घालून ठेवलेली. त्या वायरीतनं फोर-के ६० आरामात जातं, १२० चा लोड तिला झेपत नाही. स्क्रीन मधेच काळी होते ती त्यामुळं, आणि काळी होते म्हणून घरात कुणीतरी परत ६० वर करून ठेवलं. तरी नाव दुकानाचं. शिवाय काही गेम मुळातच ३० किंवा ६० चे असतात, त्यांना टीव्ही काय करणार? गेमच्या आत परफॉर्मन्स मोड (चित्र जरा साधं, पण वेग जास्त) असेल तर तो लावून बघा.

भूकंपाच्या पुढच्या वर्षी, १९९४ साली, वडिलांनी लातूरच्या गंजगोलाईजवळ रेडिओ दुरुस्तीचं टेबल टाकलं, त्याचं हे दुकान झालं. आता पोरं आत यायच्या आधी मोबाइलवर स्टार बघतात. तुमचा रिव्ह्यू सगळ्यात वर दिसतो. काल एक जण दारातूनच विचारून गेला, “तो साठवाला मॅटर तुमचाच का?”

गेमवाल्यांच्या टीव्हीचं इथून पुढं जरा वेगळं बघू, पोरांनाही सांगितलंय, एखादा कागद वगैरे छापून देऊ. तुमच्यासाठी १२० झेपणारी तीन मीटरची वायर काढून ठेवली आहे, पैसे नकोत. भिंतीतून ओढायची असेल तर सुतार तुमचा तुम्ही बोलवा. स्टार वाढवा म्हणत नाही, तेवढा ‘गळ्यात मारला’ काढता आला तर बघा. वायर न्यायला मंगळवार सोडून कधीही या.