इतरांच्या देवांना हसताना

आज संध्याकाळी आमच्या वसाहतीतील व्याख्यानात वक्त्यांनी प्राचीन ग्रीकांचा देवराज झ्यूस याच्या लफड्यांचे किस्से सांगून श्रोत्यांना पोट धरून हसवले आणि थोड्याच वेळात, ‘त्यांच्या त्या भाकडकथा, आपला मात्र इतिहास’, असे ठणकावून सांगितले. टाळ्याही पडल्या. घरी आल्यापासून माझा संताप काही केल्या उतरत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आजचे धर्म उद्या पुराणकथा ठरतील का, तर माझ्या मते ठरतील, आणि त्यात कोणाचाही अपमान नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांच्या बलिपूजेवर बंदी घातली, तेव्हा झ्यूस नाही असे कोणी सिद्ध केले नव्हते. नवस बोलणारे आणि नैवेद्य दाखवणारे संपले की देव गोष्टीत जातो.

मागे आईला एका वस्तुसंग्रहालयात नेले होते. इजिप्तच्या दालनात मांडीवर बाळ घेतलेली इसिस देवीची वीतभर मूर्ती काचेआड होती. आईने चपला काढल्या, पदर सावरला आणि हात जोडले. रखवालदार म्हणाला, ‘‘मावशी, हा आपला देव नाही.’’ आई म्हणाली, ‘‘आपला नसू दे, कुणाच्या तरी घरचा होता ना?’’ आज टाळ्या वाजवणाऱ्या सुशिक्षितांना एवढे का सुचू नये?

दूर जायलाही नको. ऋग्वेदातील १०२८ सूक्तांपैकी सुमारे पाव भाग एकट्या इंद्राच्या स्तुतीचा आहे. आज त्याला कोण नवस बोलते? सत्यनारायणाच्या पूजेत पूर्वेचा दिक्पाल म्हणून सुपारीवर त्याचे आवाहन होते, गुरुजी दोन अक्षता वाहून पुढे सरकतात. एरवी तो गोवर्धनाच्या गोष्टीत हरण्यापुरता येतो. इंद्र मागे पडला तरी धर्म टिकला, हे खरे, तेवढे मान्य. ग्रीसमध्ये जुन्या देवांची पूजा करणारे पुन्हा उभे राहिले आणि २०१७ मध्ये सरकारने त्यांच्या धर्माला मान्यता दिली, हेही मान्य.

मी स्वतः रोज देवापुढे दिवा लावतो आणि तो मनापासून लावतो. म्हणूनच ते हसणे मला इतके लागले. आईने जिला हात जोडले, त्याच इसिसच्या एका पुजाऱ्याने नाईल नदीतील फिली बेटावरच्या मंदिरात इ. स. ३९४ मध्ये चित्रलिपीत एक लेख कोरला. त्या लिपीतील आज ज्ञात असलेला तो शेवटचा लेख. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने तेथील पूजाही बंद पडली. तो माणूस भाबडा नव्हता. माझ्या आईइतकाच श्रद्धावान होता, आणि त्याच्या देवीवर कोणी असे खिदळले असते तर मला त्याचीही बाजू घ्यावीशी वाटली असती.

ज्यांना हे पटणार नाही त्यांनी खाली अवश्य वाद घालावा. फक्त ‘आपला धर्म सनातन आहे, त्याला काही होत नाही’, एवढ्यावर थांबू नये, कारण फिलीच्या त्या लेखातही पुजाऱ्याने ‘सर्वकाळ आणि अनंतकाळासाठी’ असेच कोरून ठेवले आहे.